फाटलेल्या खांद्याला गाईच्या कोलॅजनचे ठिगळ

संत्र्याचा हंगाम सुरू झाला की परतवाड्याच्या मंडीत क्रेट उचलणाऱ्या हातांना उसंत नसते. लाकूड डेपोतली ओंडक्यांची चढ-उतार, बाजार समितीतली पोत्यांची थप्पी, माळ्यावरून काढायचा डबा, भिंतीला द्यायचा चुना. कामे वेगवेगळी, पण हात खांद्याच्या वर नेण्याची हालचाल सगळ्यांत सारखीच. चाळिशी-पन्नाशीनंतर एखाद्या दिवशी नेमकी हीच हालचाल अडते. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, सदऱ्याच्या बाहीत हात घालताना कळ येते. ‘नस चढली’, ‘वात धरला’ म्हणून तेल-शेक होतो, मग मेडिकलमधून गोळ्या येतात, मग खांद्यात इंजेक्शन. थोडे बरे वाटते, काम सुरू होते आणि पुन्हा तेच. आठ-दहा महिने असे गेल्यावर कुणीतरी एमआरआय करायला सांगतात आणि अहवालात लिहिलेले असते, खांद्याची कंडरा फाटलेली आहे.

अशा कंडरेवर गाईगुरांच्या कोलॅजनपासून बनवलेली पातळ पट्टी बसवून तिथे नवी ऊती वाढवण्याचे तंत्र गेल्या दशकभरात जगात रुळले आहे. ‘खांदा पुन्हा उगवतो’ अशा थाटात त्याची चर्चाही होते. तंत्र खरे आहे, उपयोगीही आहे. मात्र ते सर्वांसाठी नाही. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी : वाया गेलेला वेळ कोणतीही पट्टी भरून देत नाही.

बशीवर ठेवलेले संत्रे

खुब्याचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याचे तसे नाही. दंडाच्या हाडाचा गोल माथा फऱ्याच्या हाडावरील उथळ खोबणीला टेकलेला असतो, बशीवर संत्रे ठेवावे तसा. म्हणून हात चहूकडे फिरतो. आणि म्हणूनच माथा घसरू नये यासाठी चार स्नायूंना तो सतत धरून ठेवावा लागतो. फऱ्यावरून निघणारे हे चार स्नायू दंडाच्या माथ्याशी पोचताना चपट्या, चिवट पट्ट्यांत बदलतात. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या अशा पट्टीला कंडरा किंवा टेंडन म्हणतात. चौघांच्या कंडरा मिळून माथ्याभोवती जे वेष्टन तयार होते, त्याला डॉक्टर ‘रोटेटर कफ’ म्हणतात.

यातली सर्वांत वरची, सुप्रास्पायनेटस स्नायूची कंडरा सर्वाधिक फाटते. ती खांद्याच्या छपरासारख्या हाडाखालच्या अरुंद जागेतून सरकते आणि हाडाला जिथे चिकटते, तिथे तिचा रक्तपुरवठा कमी असतो. वय, वर्षानुवर्षांचा भार, मधुमेह आणि तंबाखू यांनी तिचे धागे विरत जातात. मग जुने धोतर जसे जराशा ताणाने फाटते, तशी ती साध्या झटक्यानेही फाटते. गाडीवरून पडून हातावर भार आला, तर धडधाकट कंडराही फाटू शकते.

हे फाटणे दुर्मीळ नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, खांद्याची कसलीही तक्रार नसलेल्या ९६ जणांचे एमआरआय काढण्यात आले. त्यातल्या साठीपुढच्या लोकांपैकी ५४ टक्के जणांची कंडरा अर्धवट किंवा पूर्ण फाटलेली निघाली. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यामुळे अहवालात ‘टिअर’ शब्द दिसला म्हणजे शस्त्रक्रिया ठरली, असे नसते.

फाटला की जखडला?

दुखणाऱ्या खांद्याला आपल्याकडे सरसकट ‘फ्रोझन शोल्डर’ म्हटले जाते. मधुमेहींमध्ये तो आजार जास्त असतो, हे खरे. पण जखडलेला खांदा आणि फाटलेली कंडरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक घरीही बराचसा लक्षात येतो.

जखडलेल्या खांद्यात रुग्णाला स्वतः हात वर नेता येत नाही आणि दुसऱ्याने धरून नेला तरी तो जात नाही. सांध्याचे आवरणच आकसलेले असते. कंडरा फाटलेली असेल, तर रुग्ण म्हणतो, ‘हात वरच जात नाही’. पण घरच्या माणसाने अलगद धरून वर नेला तर तो जातो, आणि सोडल्याबरोबर खाली पडतो. उचलताना ताकद नसणे ही इथली मुख्य खूण. दोन्ही आजार एकाच खांद्यात असू शकतात, म्हणून शेवटचा निवाडा तपासणीचाच. साध्या एक्स-रेमध्ये कंडरा दिसत नाही. सरावलेल्या हाताने केलेली सोनोग्राफी किंवा एमआरआय यांत ती दिसते.

पडल्यावर किंवा जड वस्तू उचलताना खांद्यात काहीतरी तुटल्यासारखे झाले आणि त्याच दिवसापासून हात वर जाईनासा झाला, तर मात्र तेल-शेकात दिवस घालवू नयेत. अशा रुग्णाला काही आठवड्यांच्या आत अस्थिरोगतज्ज्ञाने पाहिले पाहिजे.

कारण कंडरा सुटली की तिच्या मागचा स्नायू मोकळ्या दोरीसारखा आत ओढला जातो. काम नसलेल्या त्या स्नायूत हळूहळू चरबी शिरते. फ्रान्सच्या गुटालिए आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये या चरबीची शून्य ते चार अशी प्रतवारी मांडली. आजही शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना ती पाहिली जाते. स्नायूत निम्म्याहून अधिक चरबी भरली की कंडरा शिवूनही ताकद फारशी परत येत नाही. गाईच्या पट्टीचाही तिथे इलाज चालत नाही, कारण ती कंडरेची जाडी वाढवते, स्नायू परत आणत नाही.

आधी व्यायाम

अपघाताशिवाय, झिजेने फाटलेल्या कंडरेसाठी पहिला उपचार फिजिओथेरपी हाच आहे. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झिजेने कंडरा आरपार फाटलेल्या ४५२ रुग्णांना ठरावीक व्यायाम देण्यात आले. दोन वर्षांत त्यांतल्या पंचवीस टक्क्यांहूनही कमी लोकांना शस्त्रक्रिया करावीशी वाटली. बाकीच्यांची कंडरा शिवली गेली नव्हती. पण उरलेले स्नायू बळकट होऊन खांदा कामाचा झाला.

हे आकडे दिलासा देणारे असले तरी वाचताना कामाचे स्वरूप विसरून चालत नाही. घरातली हलकी कामे करणाऱ्या सत्तरीच्या आजीला व्यायाम पुरेसा ठरेल. ट्रकवर पोती चढवणाऱ्या पंचेचाळिशीच्या हमालाला तो पुरेलच असे नाही. तीन महिने मनापासून व्यायाम करूनही ताकद येत नसेल, तर पुढचा विचार करावा लागतो.

टाके घालूनही सुटते तेव्हा

फाटलेली कंडरा शिवण्याची शस्त्रक्रिया नवी नाही. बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी १९११ मध्ये अशा दोन यशस्वी शस्त्रक्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. आता ती बहुतेक दुर्बिणीतून होते. हाडात बारीक खुंट्या बसवतात, त्यांना जोडलेले धागे कंडरेतून ओवतात आणि ती पुन्हा हाडाशी बांधतात.

अडचण बांधण्यात नसते, जुळण्यात असते. धागा कंडरेला जागेवर धरून ठेवतो. हाडाशी एकजीव होण्याचे काम शरीरालाच करावे लागते. विरलेल्या कापडाला कितीही पक्का टाका घातला तरी कापड टाक्याशेजारीच फाटते. २००४ मध्ये अमेरिकेतील एका पथकाने दुर्बिणीतून शिवलेल्या १८ मोठ्या फाट्यांची नंतर सोनोग्राफी केली. त्यांतल्या १७ ठिकाणी कंडरेत पुन्हा भगदाड दिसले. विशेष म्हणजे यातल्या बहुतेक रुग्णांचे दुखणे वर्षभराने कमी झालेले होते. त्यानंतर तंत्र सुधारले. पण मोठा फाटा, वाढते वय, मधुमेह आणि निकोटीन असेल तिथे पुन्हा सुटण्याचा धोका आजही राहतो. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात. विडीत ते असते तसे खर्र्यातही असते.

टाक्याच्या जोडीला कंडरेवर काही अंथरता आले तर ती जाड होईल, हा विचार इथून पुढे आला.

डुकराच्या आतड्याचा धडा

पहिला मोठा प्रयोग डुकराच्या लहान आतड्याचा होता. आतड्याच्या भिंतीतला मधला थर वेगळा करून, धुऊन, त्याचे पापुद्रे एकावर एक बसवून पट्टी तयार केली जाई. प्राण्यांवरील प्रयोगांत या पदार्थाने उमेद दाखवली होती आणि तो बाजारातही आला.

माणसांच्या खांद्यात मात्र निकाल उलटा लागला. २००५ मध्ये एका पथकाने कळवले की अशी पट्टी बसवलेल्या २५ रुग्णांपैकी चौघांच्या खांद्यात जंतुसंसर्ग नसतानाही जोरदार दाह झाला. २००६ मध्ये ३० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. मोठे फाटे असलेल्या या रुग्णांची निवड चिठ्ठ्या टाकाव्यात तशी करून १५ जणांना टाक्यांवर डुकराची पट्टी आणि १५ जणांना नुसते टाके देण्यात आले. पट्टीच्या गटात चौघांची कंडरा जुळली, नुसत्या टाक्यांच्या गटात नऊ जणांची. म्हणजे पट्टी न लावणारे जास्त बरे झाले. त्या पट्टीत डुकराच्या पेशींचे डीएनए शिल्लक राहत असल्याचेही तपासणीत आढळले. खांद्यासाठी तिचा वापर मग थांबला.

यावरून डुक्कर वाईट आणि गाय चांगली असा अर्थ काढणे चूक ठरेल. डुकराच्या हृदयाच्या झडपा योग्य रासायनिक प्रक्रियेनंतर माणसांत अनेक वर्षे टिकतात. प्राण्याच्या ऊतीतून पेशी किती निघाल्या, उरलेल्या सांगाड्याला शरीर काय समजते आणि त्याच्यावर किती भार टाकला, यावर निकाल ठरतो.

वेलीला मांडव तशी पट्टी

आता वापरात असलेली पट्टी गाईगुरांच्या पायातल्या जाड कंडरेपासून बनते. त्या कंडरेतले कोलॅजन, म्हणजे तिचे मूळ प्रथिन, शुद्ध करून त्याची सच्छिद्र पट्टी तयार करतात. टपाल तिकिटाएवढी, जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची. ‘रिजेनेटेन’ या नावाची अशी पट्टी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील रोटेशन मेडिकल या कंपनीने विकसित केली. २०१४ पासून ती तिथे वापरात आली आणि २०१७ मध्ये स्मिथ अँड नेफ्यू या कंपनीने ती कंपनी विकत घेतली.

या पट्टीत स्वतःची ताकद जवळपास नसते. भार पेलायचे काम टाक्यांचे किंवा शाबूत उरलेल्या कंडरेचे. पट्टी कंडरेच्या वरच्या अंगाला बारीक पिनांनी अंथरतात. वेल जशी मांडवावर चढते तशा शरीराच्या स्वतःच्या पेशी आणि रक्तवाहिन्या तिच्या छिद्रांत शिरतात आणि नवे कोलॅजन विणू लागतात. मग मांडव विरघळतो, वेल उरते. काही रुग्णांच्या खांद्यातून वेगवेगळ्या वेळी घेतलेले ऊतीचे नमुने २०१७ मध्ये तपासण्यात आले. सहा महिन्यांच्या नमुन्यात पट्टीचा मागमूस नव्हता. तिच्या जागी रुग्णाचीच नवी ऊती होती.

कंडरा अर्धवटच फाटलेली असेल, तर काही वेळा टाके न घालता नुसती पट्टी अंथरतात. कंडरा कापून पुन्हा शिवावी लागत नसल्याने हात झोळीत ठेवण्याचा काळ कमी होतो. रोजंदारीवरच्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही.

आकडे काय सांगतात

२०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातून अर्धवट फाटे असलेल्या १३ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. पट्टी बसवल्यावर तीन महिन्यांत कंडरेची जाडी सरासरी २.२ मिलिमीटरने वाढली. रुग्ण थोडे होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

जास्त वजनदार पुरावा २०२४ मध्ये स्पेनमधून आला. मध्यम ते मोठे, आरपार फाटे असलेल्या १२४ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. दोन्ही गटांत कंडरा सारख्याच पद्धतीने शिवली. एका गटात वरून गाईच्या कोलॅजनची पट्टी घातली. वर्षभरात नुसत्या टाक्यांच्या गटात २५.८ टक्के रुग्णांची कंडरा पुन्हा सुटली, पट्टीच्या गटात ८.३ टक्के. फरक मोठा आहे.

याच चाचणीचा दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा. वर्षाच्या शेवटी दुखणे आणि हाताचा वापर यांत दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. म्हणजे एमआरआयमध्ये कंडरा अधिक चांगली दिसली, पण रुग्णाला तेवढा फरक जाणवला नाही. जुळलेली कंडरा पाच-दहा वर्षांनी जास्त टिकेल, ही अपेक्षा रास्त आहे. तिचे उत्तर लांब पल्ल्याच्या निरीक्षणातूनच मिळेल. या विषयावरच्या काही अभ्यासांना उत्पादक कंपनीचा निधी आहे, हेही वाचताना ध्यानात ठेवावे. पट्टीनंतर काहींचा खांदा काही काळ जखडतो. गाईगुरांपासूनच्या पदार्थांची ॲलर्जी असलेल्यांना ती बसवता येत नाही.

जनावराचे आहे, हे सांगायलाच हवे

शरीरात गाईचा किंवा डुकराचा अंश जाणार म्हटले की घरात चर्चा होते, ती होणे योग्यही आहे. औषधशास्त्राने प्राण्यांची मदत मात्र कायम घेतली आहे. मेळघाटच्या पायथ्याशी सर्पदंशाच्या रुग्णाला दिले जाणारे प्रतिविष घोड्याच्या रक्तातून बनते. मुंबईची हाफकिन संस्था ते पिढ्यान्‌पिढ्या बनवत आली आहे. इन्सुलिन १९२२ पासून अनेक दशके गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई. रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्यातून मिळते, विरघळणारा कॅटगट धागा गुरामेंढरांच्या आतड्याचा.

भारतातही या दिशेने काम झाले आहे. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयातून पेशी काढून टाकून ‘कोलीडर्म’ नावाचे जखमेवरचे आवरण विकसित केले. २०२३ मध्ये त्याला देशाच्या औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. ते खांद्यासाठी नाही. भाजलेल्या आणि मधुमेही जखमांसाठी आहे. त्यामुळे अशा उपचाराचा खर्च दहा हजारांवरून दोन हजार रुपयांवर येईल, अशी अपेक्षा तेव्हा व्यक्त झाली होती. कंडरेसाठीची पट्टी उद्या देशातच बनली, तर तिचीही किंमत आवाक्यात येऊ शकेल.

सर्पदंशात विचार करायला वेळ नसतो. खांद्याच्या शस्त्रक्रियेत असतो. पट्टी कोणत्या प्राण्यापासून बनली, हे शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे आणि संमतीपत्रातही लिहिले गेले पाहिजे. कुणाला गाईचे चालत नाही, कुणाला डुकराचे. नकार दिला म्हणून उपचार संपत नाहीत. नुसते टाके हा पर्याय असतोच. रुग्णाच्याच दंडातल्या बायसेप्सच्या कंडरेचा किंवा मांडीतल्या चिवट आवरणाचा तुकडाही काही ठिकाणी वापरतात. जपानच्या मिहाता यांनी २०१३ मध्ये मांडीच्या आवरणाने खांद्याचा वरचा पडदा नव्याने बांधण्याचे परिणाम प्रसिद्ध केले.

ठरवण्याआधी

परतवाड्याहून अशा शस्त्रक्रियेसाठी बहुधा अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते. जाण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. फाटा अर्धवट आहे की आरपार? स्नायूत चरबी किती शिरली आहे? पट्टीशिवाय शिवले तर माझ्या वयात जुळण्याची शक्यता किती, आणि पट्टीने ती किती वाढेल? परदेशी पट्टीचा खर्च वेगळा किती? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रियेचा कोणता भाग बसतो, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधीच समजून घ्यावे. लहान फाटा आणि चांगली ऊती असलेल्या रुग्णाने पट्टीसाठी शेत गहाण ठेवण्याचे कारण नाही. मोठा फाटा, विरलेली कंडरा, पण स्नायू अजून शाबूत, अशा रुग्णाला तिचा खरा फायदा दिसतो.

शिवलेला हात साधारण चार ते सहा आठवडे झोळीत राहतो. मग फिजिओथेरपिस्ट हात हलवतो, पुढे रुग्ण स्वतः हलवतो, आणि जड ओझे उचलायला सहा महिने लागतात. तेवढे महिने घर कसे चालेल, याचा हिशेब शस्त्रक्रियेच्या तारखेआधी व्हायला हवा. नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दुखणे थांबले म्हणून माणूस मंडीत परततो आणि कोवळी जुळणी पहिल्याच क्रेटला सुटते. साखर ताब्यात आणणे आणि खर्रा-विडी बंद करणे हीदेखील तयारीच. त्याला पैसे लागत नाहीत.

खांद्यातले स्टिरॉइडचे इंजेक्शन एखाद्या वेळी योग्यच असते. पण ते वारंवार घेतले तर कंडरा आणखी दुबळी होते. पहिल्या इंजेक्शनाने दोन महिन्यांत ताकद परतली नसेल, तर दुसरे मागण्याआधी खांद्याची सोनोग्राफी करून घ्यावी.